आधी बेतलेली कॉलर

धाकटीनं फॉर्म उलटा करून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला छापलं असेल. मागे फक्त शिक्क्याची जागा होती.

फॉर्म मानसशास्त्राच्या विज्ञान पदवीचा. तीन वर्षं, सहा सत्रं. कोणत्या सत्रात कोणते विषय घेणार हे आजच लिहून द्यायचं. चारला कॉलेजची खिडकी बंद. धाकटीचं वय बेचाळीस, त्यातली वीस वर्षं शिवणयंत्रावर गेलेली. तिचं एक गिऱ्हाईक दरवर्षी माप देताना सांगे, "कंबर एक इंच कमीच धरा." आणि दरवर्षी तोच कपडा उसवायला परत आणे. माणूस असं का करतं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी एवढे रकाने भरावे लागतील असं वाटलं नव्हतं.

दुकान दोघी जावांचं. दुपारी थोरली एकटी सांभाळणार होती, पण अट घालून. "तीन वर्षं. वर एक दिवस नाही. मलाही गुडघे आहेत."

धाकटीनं आराखडा आपल्या पद्धतीनं केला होता. प्रत्येक विषयाचा खाकी कागदाचा तुकडा, आणि कटिंगच्या टेबलावर खडूनं आखलेले सहा रकाने. सरळ शिवणी आधी, कॉलर शेवटी, हा हाताला लागलेला क्रम. आकड्यांची तिला धडकी भरे, म्हणून संख्याशास्त्र पाचव्या सत्रात सरकवलं. तोवर हात बसलेला असेल.

त्याच सकाळी कॉलेजातल्या कारकुनानं तिनं उतरवून आणलेल्या कागदावरून बोट फिरवलं. "बाई, हे चार वर्षांचं झालं."

"सहाच रकाने आहेत की."

"रकाने सहा, पण असं चालत नाही. संख्याशास्त्र झाल्याशिवाय संशोधन पद्धती नाही, त्याशिवाय प्रयोगशाळा नाही, प्रयोगशाळेशिवाय प्रकल्प नाही. प्रत्येकाला वेगळं सत्र."

"मग संख्याशास्त्र चौथ्यात घेते."

"ते फक्त वर्षाच्या पहिल्या सत्रात असतं."

"म्हणजे चौथ्यात नाही?"

"चौथं सत्र म्हणजे दुसऱ्या वर्षाचं दुसरं." रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. "आणि संख्याशास्त्राचा तास सकाळी आठलाच. नीट बघून या."

नीट बघून बघून तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. दुकानात येऊन तिनं तुकडे पुन्हा मांडले. संख्याशास्त्र तिसऱ्यात आणलं तर बाकीचे तीन ओळीनं बसत होते, पण सामाजिक मानसशास्त्र रकान्याबाहेर पडत होतं. ते चौथ्यात ढकललं तर तिथला तुकडा टेबलाखाली जात होता. शिवाय सकाळी आठ म्हणजे तिची कापडं बेतायची वेळ.

थोरली काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "काय सांडलं?"

"पदवी."

थोरलीनं चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलाशी आली. धाकटीनं घडलेलं सगळं सांगितलं. थोरलीला त्यातलं अर्धंच कळलं असावं. "हे आकड्यांचं एवढं शेवटाकडे का ठेवलं होतंस?"

"कॉलर शेवटीच लावतो ना आपण, वहिनी."

"लावतो शेवटी. पण बेततो कधी? अंगाबरोबरच. नाहीतर कापड उरतं का तिला?"

धाकटीनं तुकड्यावर बोट ठेवलं. "मग तिसऱ्यात बरोबर बसतंय."

"अगदी मापात? आणि नापास झालीस म्हणजे? आत दाबायला बोटभर कापड नको?"

धाकटीनं संख्याशास्त्राचा तुकडा उचलून पहिल्या रकान्यात ठेवला; नापास झाली तरी तिसऱ्यात पुन्हा बसता येणार होतं. ज्याला भ्यायचं तेच आता सगळ्यांच्या पुढे बसलं होतं.

"सकाळचं बेतायचं कोण करणार?" तिनं विचारलं.

"मी. पण काजं सगळी तुझी. आणि तीन वर्षं म्हणजे तीनच."

"पण वहिनी, सामाजिक मानसशास्त्र कुठे बसवू?"

"मला काय विचारतेस? मी काय मॅडम आहे? पळ, सव्वातीन वाजले."

चारला दहा कमी असताना ती खिडकीवर पोचली. फॉर्ममध्ये दोन ठिकाणी खाडाखोड होती आणि सामाजिक मानसशास्त्र शेवटच्या सत्रात कोंबलेलं होतं. कारकुनानं बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

"बसतंय. कसं ते कळलं का तुम्हाला?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तीन वर्षांत होतंय ना?"

"होतंय."

"मग मारा शिक्का."