लाभार्थी क्रमांक एक आणि दोन पायऱ्या

लाभार्थी क्रमांक एक. लिंग स्त्री, वय बावन्न, व्यवसाय घड्याळदुरुस्ती, हालचाल मर्यादित. स्थानकाच्या 'विनाअडथळा प्रवेश योजने'च्या फाइलीत ताईंची ओळख एवढीच. क्रमांक दोन फाइलीत नाही. अकरा वर्षांत ही फाइल चार टेबलं पुढे सरकली. तेवढ्या काळात मर्यादित हालचालीच्या ताई रोज नऊ दहाच्या गाडीने शेजारच्या शहरातल्या दुकानात जात, डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद घड्याळं चालती करत आणि संध्याकाळी परत येत.

गाडी लागते दोन नंबरच्या फलाटावर. मध्ये पूल; चढायला अडतीस पायऱ्या, उतरायला तेवढ्याच. ताईंना चाकांच्या खुर्चीसकट पलीकडे नेत एक म्हातारा हमाल आणि त्याचा मेव्हणा.

"ताई, आज जड लागताय."

"पिशवीत तीन भिंतीवरची घड्याळं आहेत, दादा. मी आहे तेवढीच आहे."

मग दादांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. महिनाअखेरीनंतर उचलणं जमणार नाही, असं त्यांनी ताईंना मान खाली घालून सांगितलं. मेव्हणा एकटा काय करणार? योजनेतली लिफ्ट तोवर सुरू झाली नाही, तर एक तारखेपासून ताई घरी. त्यांच्या गावात घड्याळदुरुस्तीचं दुकान उरलं नव्हतं.

लिफ्ट वेळेत आली, हेच मुळात संशयास्पद होतं. उद्घाटनाच्या सकाळी साहेब आले, अभियंता आला, फोटोवाला आला, फीत आली. आणि लिफ्टच्या दारापुढे दिसल्या दोन पायऱ्या. गुळगुळीत दगडाच्या, कडेला पिवळा पट्टा. पलीकडच्या फलाटावरही तशाच दोन.

"ह्या कशाला?" ताईंनी विचारलं.

"पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून." अभियंत्याची छाती फुगली होती.

"मग काळजी मिटली. पाणी शिरणार नाही, मीही शिरणार नाही."

"अहो बाई, अडतिसाच्या दोन केल्या! जवळजवळ पंच्याण्णव टक्के काम झालं."

"मला दोन काय नि अडतीस काय, सारख्याच."

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते चार मिनिटं मागे होतं, पण ताई बोलल्या नाहीत.

"फोटोपुरतं उचला हो," अभियंता दादांना म्हणाला.

"दादा, हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या.

दादा पायरीवरच बसले. "साहेब, गुडघे तीस तारखेपर्यंत पुलाच्या ड्यूटीवर आहेत. लिफ्टचं त्यांना कुणी कळवलं नाही."

'सुविधेचा लाभ घेतला' या ओळीखाली लाभार्थीची सही पडल्याशिवाय फाइल बंद होत नव्हती. ताईंनी कागद मांडीवर ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. पलीकडे नऊ दहाची गाडी आली, थांबली, त्यांना न घेता निघून गेली. टोपण मात्र ताईंनी काढलं नाही.

"उताराचा प्रस्ताव करावा लागेल," अभियंता म्हणाला. "पाहणी, नकाशा, मंजुरी... दोन वर्षं धरा."

"धरते. सहीचंही तेच धरा."

फलाटाच्या टोकाला फरश्या बसवणारा गवंडी एवढा वेळ थापी हातात धरून ऐकत होता. "उतारच ना? विटांचे तुकडे पडलेत, सिमेंट उरलंय. चार फुटांत काढून देतो."

"चार फुटांच्या उतारावरून मी थेट रुळांवर जाईन, भाऊ. फूटभर उंचीला बारा फूट लांबी लागते."

गवंड्याने पायऱ्यांकडे पाहिलं, मग ताईंकडे. "बरं, बारा."

साहेबांनी अभियंत्याकडे पाहिलं, अभियंत्याने छपराकडे. नाही कुणीच म्हणालं नाही. त्या कार्यालयात याहून जलद मंजुरी आजवर कुणाला मिळालेली नाही.

सिमेंट पुरतं सुकल्यावर, एकोणतीस तारखेला, ताई स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत पलीकडे गेल्या, सही केली आणि गाडीत बसल्या.

अहवालात नोंद आहे : 'टप्पा दोन – प्रवेशस्तर सुधारणा, बहुविभागीय समन्वयातून यशस्वीरीत्या पूर्ण.' दोन्ही उतार एकट्या गवंड्याने दीड दिवसात बांधले.