एका दिवसाचे तीन गुडघे

सांगलीच्या पेठेत हळदीचा उग्र वास नाकात शिरला, की मला आत्याचा गुडघा आठवतो. आत्यानं जन्मभर तिथं हळद निवडली, त्यामुळं नखं कायमची पिवळी. ऑपरेशन करून बदललेल्या गुडघ्यात पू झाला, तेव्हा डॉक्टरांनी आधी तिची नखंच पाहिली. "मावशी, जखमेवर हळद लावलीत ना?" "न्हाई वो सायेब, पट्टीला हातबी लावला न्हाई," आत्या रडकुंडीला आली. पण डॉक्टरांचा निकाल देऊन झाला होता. बाहेर बाकावर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार पाय लांब करून बसले होते. त्यांचाही गुडघा आत्याच्याच दिवशी, ऑपरेशनच्या त्याच टेबलावर बदललेला, आणि तोही पिकलेला. "मला म्हणत्यात, गोठ्यात गेला आसशील. गड्या, म्हस कवाच इकली, गोठा कुठला?" शेजारी बसलेल्या बाईंचा गुडघाही त्याच दिवसाचा आणि पिकलेला; त्यांना म्हणे गोड खाणं नडलं होतं. एका दिवसाचे तीन गुडघे, तीन गुन्हेगार, आणि ऑपरेशनची खोली तेवढी सोवळी! सुभेदार आणि मी पोट धरून हसलो. आत्या हसली नाही. तिचा नवा गुडघा काढावा लागला, पाय कायमचा ताठ राहिला. परवा तिच्याकडे जेवलो, तर भाजी पांढरीफटक. "हळद घरात नगं रं बाबा," ती म्हणाली, "डॉक्टर काय खोटं बोलतील व्हय?"