कनवटीचा चाकू

नगर जिल्ह्यातल्या काष्टी गावच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा दुसरी लढाई चालू होती. माझं वय वीस, लग्नाला दीड वर्ष झालेलं. यजमान नगरला लष्करी डेपोत कारकून होते आणि आणखी तिघा कारकुनांबरोबर एका खोलीत राहत होते. तिथे मला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मिळालेली नोकरी सोडायची माझी इच्छाही नव्हती. म्हणून मी माझ्या विधवा मावशीला सोबतीला घेऊन काष्टीत बिऱ्हाड केलं. रविवारी ते आगगाडीने यायचे, नाहीतर मी नगरला जायची. आमची एकमेकांशी ओळख अशी आठवड्याला थोडी थोडी होत होती.

शाळेत बत्तीस मुली होत्या. पाटीवर अक्षर बसलं की त्या काळी मुलांच्या हातात बोरू द्यायचे. बोरू म्हणजे नदीकाठी उगवणाऱ्या एका गवताचं पोकळ, टणक कांडं. त्याचं टोक चाकूने तासायचं, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक तिरकं छाटायचं. हा शेवटचा छाट बरोबर बसला तर अक्षर डौलदार येतं. चुकला तर कागदावर नुसते फराटे. अठरा मुली बोरूवर आल्या होत्या आणि कोवळ्या हातांनी दाबून लिहिल्यामुळे टोकं चार दिवसांत बोथट व्हायची. प्रार्थना झाली की माझा पहिला अर्धा तास बोरू कापण्यातच जायचा.

शाळेच्या कपाटात एक जुना चाकू होता, पण त्याचं पातं मुठीत डुगडुगायचं. त्यामुळे मी घरून भाजीची सुरी फडक्यात गुंडाळून आणायला लागले. तिने दोन पिशव्या फाडल्या, हजेरीच्या वहीचा पुठ्ठा चिरला, आणि इकडे मावशी चुलीपुढे सुरीवाचून खोळंबायची. शेवटी तिने सुरी द्यायला साफ नकार दिला. त्याच आठवड्यात शाळेतला चाकू वापरताना पातं उलटून मिटलं आणि माझ्या अंगठ्याच्या बुडाशी खोल जखम झाली. मुली घाबरल्या. मी हळद दाबली, चिंधी बांधली आणि त्यांना पाढे म्हणायला लावले.

रविवारी यजमान आले. त्यांनी काही विचारायच्या आत मावशीने सगळी हकिकत सांगून टाकली. ते मुळात कमी बोलणारे. ताट वाढल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी तू नगरला ये. आपण चाकू घेऊ. चांगला."

तो आठवडाभर माझ्या डोक्यात चाकूच होता. तोवर दुकानात जाऊन स्वतःसाठी म्हणून मी लुगडं आणि बांगड्या याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि तेही कुणीतरी मोठ्या बाईने पसंत केलेलं. आता मी विचार करत होते की चाकू कसा हवा. मला खिसा नव्हता. चाकू राहणार तो नऊवारीच्या कनवटीत, जिथे बायका सुटे पैसे नाहीतर किल्ली खोचतात. म्हणजे तो बोटाहून जाड नको, बसताना-उठताना टोचायला नको, आणि आपोआप तर मुळीच उघडायला नको. तरी माझ्या नखाने उघडला पाहिजे. पातं पातळ हवं, कारण जाड पात्याने बोरू चिरफाळतो. इतक्या अटी मी नवरा बघताना घातल्या नव्हत्या. तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं.

नगरला स्टेशनवर ते घ्यायला आले होते. आम्ही कापड बाजारात गेलो. त्यांनी आधीच एक मोठं दुकान हेरून ठेवलं होतं. काचेची कपाटं, आत कात्र्या, वस्तरे, अडकित्ते. दुकानदाराने मखमलीची पेटी काढून यजमानांसमोर उघडली. लढाईमुळे विलायती माल येईनासा झाला आहे, जुन्यातले हे चारच राहिलेत, असं तो म्हणाला. त्यातला एक यजमानांनी उचलला. त्याला तीन पाती, बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आणि घोड्याच्या खुरातला खडा काढायची आकडी होती. ते एकेक पातं उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते.

"ह्यात सगळंच आहे," ते म्हणाले.

मी हातात घेतला तर चांगला जड. पातं उघडायला गेले, नख तुटलं, पातं जागचं हललं नाही. दुकानदार माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाला की बाईंच्या हाताला हे जमायचं नाही, हवं तर छानसा अडकित्ता दाखवतो. यजमान हसले. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू थांबलं.

मी म्हटलं, "मला बोरू कापायचेत. मी शाळेत शिकवते."

दुकानदाराने आता माझ्याकडे पाहिलं. माणूस भला होता. त्याने पेटी मिटली आणि सांगितलं की मग हे काही कामाचं नाही, मागच्या गल्लीत मशिदीशेजारी एक म्हातारे कारागीर बसतात, उर्दू लिहिणारे लोक कलम कापायचे चाकू त्यांच्याकडूनच नेतात, तिकडे जा. यजमानांनी तो तीन पात्यांचा चाकू परत ठेवला, पण जरा वेळ लावून.

म्हाताऱ्यांचं दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर गोणपाट, धार लावायचा दगड आणि पाण्याचं भांडं. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. यजमानांनी आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं. ऐकून घेऊन म्हाताऱ्यांनी मलाच विचारलं, "बाई, रोज किती कापता?"

मी म्हटलं, पाच-सहा तरी.

त्यांनी मागून एक बोरू काढला आणि तीन चाकू गोणपाटावर मांडले. धारेची वस्तू हातात देत नाहीत, खाली ठेवतात, ती रीत त्यांच्याकडेही होती. मी ओट्याच्या कडेला बसले. अंगठा अजून दुखत होता. पहिल्या चाकूचं पातं रुंद, त्याने बोरू तडकला. दुसऱ्याने चांगलं तासलं गेलं, पण त्याची मूठ माझ्या मुठीत मावेना. तिसरा काळ्या शिंगाच्या मुठीचा, माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडाच लांब, एकच अरुंद पातं. त्याने मी तासलं, चीर दिली आणि टोक छाटलं. टक् असा आवाज आला. बोरू नीट कापला गेला की तोच आवाज येतो.

म्हाताऱ्यांनी ते टोक आपल्या नखावर टेकवून पाहिलं. "चीर थोडी बाजूला गेली. छाट मात्र चांगला आहे. कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"हाच घ्या," ते म्हणाले.

पण माझं समाधान झालं नव्हतं. मी विचारलं की कनवटीला लावून बघू का. ते म्हणाले, खुशाल बघा. मी पाठ वळवून चाकू खोचला, मांडी घालून बसले, उठले, घागर उचलायला वाकावं तशी वाकले. गल्लीतून जाणारे दोघे थांबून बघायला लागले. यजमान समोरच्या भिंतीकडे असे टक लावून बघत होते की जणू तिच्यावर काही लिहिलेलं आहे. वाकताना मुठीचा कोपरा टोचत होता. शिवाय दुसऱ्यांदा वाकल्यावर पातं केसभर उघडलं. मी तसं सांगितलं.

म्हाताऱ्यांना राग आला नाही. उलट त्यांनी मला पुन्हा बसायला लावून कोपरा नेमका कुठे टोचतो ते विचारलं आणि मुठीवर खडूने खूण केली. कोपरे घासून गोल करतो, म्हणाले, आणि आतली कमान जरा कडक करतो, म्हणजे उघडणार नाही. मी म्हटलं, पण मग नख तुटेल. त्यावर त्यांनी थोडा विचार केला. पात्यावरची नखाची खाच लांब करून देतो, मग नखाने नाही, बोटाच्या पेराने उघडा, असं म्हणून त्यांनी आम्हाला तिसऱ्या प्रहरी यायला सांगितलं.

मधला वेळ आम्ही गावाबाहेरच्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली काढला. मावशीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. यजमान खाली मान घालून जेवत होते. मला वाटलं, मी चारचौघांत कनवटीचं प्रदर्शन मांडलं म्हणून रागावले असतील. मी तसं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. मग दशमीचा तुकडा मोडत, "तो तीन पात्यांचा मला आवडला होता. तुझ्यासाठी नव्हे. मलाच."

मी म्हटलं, मग घ्या की.

"घेऊन कापू काय? दिवसभर तंबू मोजतो आणि निबाच्या सरकारी टाकाने लिहितो. घोडासुद्धा नाही."

मला हसू आवरेना. ठसका लागला, पाणी प्यावं लागलं, आणि मग तेही हसायला लागले. दीड वर्षात त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. नंतर ते बोलतच राहिले. लहानपणी एका शिपाईगड्याकडे तसला चाकू त्यांनी पाहिला होता, डेपोत तंबूंचा वास कसा डोक्यात बसतो, खोलीतला एक कारकून झोपेत बेरजा कशा करतो. मी ऐकत होते. चाकू तयार व्हायला संध्याकाळ झाली असती तरी माझी हरकत नव्हती.

चाकू हवा तसा झाला होता. पात्याची खाच पेराला बरोबर लागत होती. कनवटीला लावला की आहे हेही कळत नव्हतं.

गावात चर्चा झालीच. मुलांच्या शाळेतल्या एका मास्तरांनी बाईमाणसाच्या कमरेला चाकू म्हणून थट्टा केली. पण चाकू इतका चांगला चालायला लागला की माझ्या मनात आलं, सगळे बोरू मीच का कापायचे? मोठ्या सहा मुलींना मी कापायला शिकवलं. बसूनच कापायचं, धार अंगापासून लांब ठेवायची, झाल्यावर चाकू मिटून जमिनीवर ठेवायचा, मग दुसरीने उचलायचा. त्यांच्यात एक दहा वर्षांची शेतकऱ्याची मुलगी होती. तिचा छाट पहिल्या आठवड्यातच माझ्यापेक्षा साफ बसू लागला.

एका बाजारच्या दिवशी तिचे वडील शाळेच्या दारात उभे राहिले. आत यायला संकोचत होते.

"मास्तरीनबाई, पोरीच्या हातात चाकू दिला म्हनं तुमी."

मी म्हटलं, दिला. तुम्ही बसा आणि बघा. मी मुलीला बोलावलं. तिने वडिलांकडे न बघता बोरू घेतला, तासला, चीर दिली, छाटला, चाकू मिटून खाली ठेवला. मग दौतीत बुडवून कागदावर आपलं नाव लिहिलं. वडिलांनी कागद उचलून बराच वेळ धरला. उलटा धरला होता. मुलीने तो हळूच सरळ करून दिला.

त्यांनी चाकूही उचलून पात्यावरून अंगठा फिरवला. "लई झ्याक हाय," म्हणाले. मग तो बोरू हातात घेऊन विचारलं, "ह्यो मी नेऊ का?"

मुलगी म्हणाली, "तुमाला कुटं लिवता येतंय?"

"म्हनून काय झालं? घरी ठिवतो."

त्यांनी बोरू पागोट्यात खोचला आणि बाजाराकडे गेले.

पुढच्या बाजारी ते नदीकाठचे बोरू कापून भाराच घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर टाकून गेले. चांगलं वाळवून घ्या, नाहीतर चिरत्याल, एवढंच सांगितलं. मावशीने ते माळ्यावर पसरले. महिनाभर घराला ओल्या गवताचा वास येत होता आणि ती रोज कुरकुरत होती. दोन वर्षं शाळेला बोरू विकत आणावे लागले नाहीत.