यादीवाली मावशी

आमच्या गावात कोणालाच पूर्ण नाव नव्हतं. कोणी बाल्या, कोणी काल्या, कोणी नुसताच बुढा. मी पऱ्या होतो. अशा गावात एकटी मावशी तेवढी प्रत्येकाला मतदारयादीतल्या नावाने हाक मारायची. मी सायकलवरून चाललो की अंगणवाडीच्या दारातून आवाज यायचा, ‘प्रवीण वामनराव भोयर, घरी सांगजो, मी संध्याकाळी येऊन राह्यली.’ ऐन बाजारात ती हाक ऐकली की मला उगीचच आपण कोणीतरी मोठे झाल्यासारखं वाटायचं.

मावशी अंगणवाडी सेविका. पुलगावपासून पाच-सहा कोसांवरचं आमचं गाव. तिथल्या बौद्ध मोहल्ल्यात बुद्धविहाराला लागून तिचं दोन खोल्यांचं घर. लहान पोरांना खिचडी आणि गाणी, हे तिचं मूळ काम. पण मतदारयादीचं काम सरकारने एकदा तिच्या गळ्यात घातलं आणि पुढची वीसेक वर्षं ते तिथंच राहिलं. बाकीच्या सेविका त्या कामाला वैतागायच्या. मावशी मात्र ते सणासारखं करायची. यादी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी थैलीत आणि थैली काखेत. घरात नवी सून आली की आहेराच्या आधी मावशीचा फॉर्म यायचा.

यामागे तिचे वडील होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस. मतदानाच्या दिवशी मात्र धुतलेलं धोतर नेसून सकाळीच रांगेत उभा राहायचा. मावशी सांगायची, ‘त्या दिवशी पाटील बी एक अन् माहा बा बी एक. बाकी वर्षभर काय होते थे तुले मालूम आहे.’ एवढंच. भाषण ती कधी द्यायची नाही.

निवडणूक जवळ आली की उमेदवारांची माणसं तिच्या ओट्यावर येऊन बसायची. कोणाचं घर कुठं झुकतं हे गावात तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ती सगळ्यांना चहा द्यायची आणि पावसापाण्याचं बोलत राहायची. ती स्वतः मत कोणाला देते, हे तिच्या नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘तुह्या आईले विचार, ती सांगते का?’

मागच्या लोकसभेच्या आधीची गोष्ट. आमच्या गावातली तीस नावं कापावीत, असे अर्ज एकदम आले. कारण सगळ्यांवर एकच, गाव सोडून गेले. अर्ज कोणी केले ते नीट कळेना. ज्याच्या नावाने होते तो म्हणाला, मी सही केलीच नाही. नावं सगळी मजुरांची होती. दिवाळीनंतर ही माणसं विटाभट्ट्यांवर जातात, दाराला कुलूप असतं, हे खरंच होतं. वेळ कमी आहे, तसा अहवाल लावून मोकळ्या व्हा, असं सोबतच्यांनी मावशीला सुचवलं. पण होळीला माणसं घरी येतात हे तिला माहीत होतं. होळीच्या दोन दिवसांत, रंगाने माखलेल्या गल्ल्यांतून ती घरोघर फिरली. प्रत्येकाला त्याच्याच दारात उभं करून सही-अंगठा घेतला. तीसच्या तीस नावं राहिली. त्या वर्षी मी गावात होतो. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर गुलाबी डाग पडलेले मला अजून दिसतात.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर टेबल टाकून ती चिठ्ठ्या देत बसली होती. दहाच्या सुमारास सखूबाई आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. मावशीने यादी चाळली, पुन्हा चाळली. नाव नव्हतं. मी म्हणालो, तसल्याच एखाद्या अर्जात गेलं असेल. मावशीने मान हलवली. तिचा हात यादीवर तसाच राहिला होता.

‘नाई. थे नाव मीच कापलं.’

झालं असं होतं की दोन वर्षांपूर्वी मावशीचा नवरा आजारी होता. त्या घाईत ती सखूबाईच्या दारी गेली, कुलूप दिसलं. शेजारीण म्हणाली, बुढी लेकीकडं आष्टीला गेली, आता काही येत नाही. मावशीने पुन्हा फेरी मारली नाही. सखूबाई मात्र चार महिन्यांत परत आली होती, आणि नाव पुन्हा चढवायचं मावशीकडून राहून गेलं होतं.

मावशी उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर सखूबाईला म्हणाली की चूक माझी आहे, उद्याच नवा फॉर्म भरून देते. सखूबाईने शांतपणे ऐकून घेतलं.

‘भर. पन आजचं मत गेलं ना माहं? थे का वापस येते?’

एवढं बोलून ती आली तशी काठी टेकत निघून गेली. मावशी संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या देत राहिली. पाण्याचा घोटही घेतला नाही.

फॉर्म तिने दुसऱ्या दिवशी भरला. मग विधानसभेच्या आधी, यादीचं काम करणाऱ्यांच्या तालुक्याच्या प्रशिक्षणात ती उभी राहिली आणि शे-दीडशे लोकांसमोर हा सगळा प्रकार सांगितला, स्वतःचं नाव घेऊन. कोणी विचारलं नव्हतं. काहीजण हसले, असं तिच्या शेजारी बसलेल्या बाईने मला सांगितलं. त्या हिवाळ्यात सखूबाईने मत दिलं. शाई लागलेलं बोट तिने मावशीला दाखवलं नाही आणि मावशीनेही पाहायला मागितलं नाही. दोघी शाळेच्या पायरीवर काही वेळ शेजारी बसल्या, इतकंच.

मावशी जाऊन आता वर्ष होईल. शेवटची भेट वर्ध्याच्या दवाखान्यात, दुपारची. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा मोबाइलवर बातम्या पाहत होता. कुठल्याशा देशात लढाई पेटली होती. पडलेल्या इमारती, आणि रस्त्याने गाठोडी, पोरं, म्हातारी माणसं घेऊन चाललेली रांग. मावशीने मोबाइल आपल्याकडे वळवायला सांगितलं. ती बराच वेळ पाहत होती. मला वाटलं, माणसांची दया येतेय.

‘एवढी मानसं घर सोडून निंघाली,’ ती म्हणाली. ‘या सगळ्यायची यादी कोनापाशी असन?’

मी म्हणालो, मला नाही माहीत. लढाईत याद्या कोण सांभाळतं?

‘असन कोनीतरी बाई,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती. ‘कोनाच्या दाराले कुलूप दिसलं तं थांबून राह्यली असन थे बाई.’

मग तिने डोळे मिटले. मी पायाशी सरकलेली चादर तिच्या अंगावर ओढली आणि पुलगावच्या गाडीची वेळ झाली तरी तसाच बसून राहिलो.