समारंभानंतरची सही

परदेशी विद्यार्थ्यांचा सल्लागार म्हणून बडोद्याच्या विद्यापीठाने मला नेमलं, ते माझं इंग्रजी बरं म्हणून. खोली मिळत नाही, घरमालक ताटात काय असतं ते विचारतो, प्राध्यापक मध्येच गुजरातीत शिरतात, अशा तक्रारी मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवी. पुढे काही करायचं असतं, हे नेमणूकपत्रात नव्हतं.

एका सोमवारी टांझानियाची एक विद्यार्थिनी आली. एरवी ती रविवारी आमच्याकडे वरणभात जेवायला येई, माझ्या पत्नीला मावशी म्हणे. तिची आई अत्यवस्थ होती. तिकिटाची सोय झाली होती. पण परवानगीपत्राशिवाय गेली तर वर्ष बुडणार होतं. पत्रावर कुलसचिवांची, म्हणजे आमच्या साहेबांची, एक सही हवी होती.

साहेब बुधवारच्या समारंभात गुंतलेले. समारंभ परदेशी विद्यार्थ्यांच्याच स्वागताचा. दीपप्रज्वलन तिच्या हस्ते, तसं निमंत्रणपत्रिकेत छापलेलं.

"बुधवारी कार्यक्रम उरकला की लगेच सही घेतो," मी म्हणालो.

"बरं, सर," ती म्हणाली. दोन वर्षांत तीही आमच्यासारखीच भिडस्त झाली होती.

घरी पत्नीने विचारलं, "अहो, आजच का नाही?"

"साहेब मंडपवाल्याबरोबर आहेत."

"मग मंडपात जा. सही करायला त्यांना व्यासपीठ लागतं का?"

मी गेलो नाही. साहेबांचं भाषण लिहीत बसलो.

बुधवारी तिने समईच्या पाचही वाती लावल्या. साहेबांनी माझं वाक्य वाचलं, "बडोदं हे तुमचं दुसरं घर आहे." टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर त्यांनी माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

पत्र घेऊन वसतिगृहावर गेलो, तेव्हा ती फोन ठेवून बाहेर येत होती. आई दुपारी गेली होती, आम्ही टाळ्या वाजवत होतो त्या सुमारास. तिने पत्र वाचलं, नीट घडी घातली.

"थँक यू, सर. आता घाई नाही."

तरी कबरीपर्यंत तिला जायचंच होतं. दुसऱ्या दिवशी पत्राची नोंद करायला मी कचेरीत गेलो, तर कारकुनाने ते उलटसुलट पाहिलं. "साहेब, यात आईचं आजारपण लिहिलंय. कारण तो बदलाई गयुं ने? नवी अरजी जोइशे."

तो उर्मट नव्हता. नवा अर्ज मीच लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं.