चाबूक कुठल्या हातात होता

मी रेसकोर्सवर नोकरीला आहे हे विरारमधल्या चंदनसारच्या आमच्या इमारतीत कळलं आणि मला अचानक मान मिळू लागला. दूध आणायला खाली उतरलो की कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारायचं, "रविवारी कुठला घोडा?" मी खरं ते सांगायचो. मला घोड्यांतलं काही कळत नाही, मी जॉकींच्या चौकशांचे कागद करतो. समोरचा समजूतदारपणे हसायचा आणि मी टिप लपवतोय याबद्दल त्याची खात्री पटायची.

माझं काम खरोखरच कागदांचं होतं. शर्यतीत कुणी जॉकीने दुसऱ्याच्या वाटेत घोडा घातला, की स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, त्याला एका खोलीत बोलावत. तिथे शर्यतीची फिल्म पुन्हा लावत, प्रश्न विचारत आणि दोष सिद्ध झाला तर शर्यतीचे काही दिवस त्याला घरी बसवत. स्टुअर्ड इंग्रजीत बोलत. जॉकींना ते अर्धंमुर्धं कळे. मधे मी. साहेबांचं मराठी-हिंदीत करायचं, जॉकीचं इंग्रजीत करायचं, शेवटी निकाल टाइप करून त्यावर सही घ्यायची.

आरोपाचं मराठी मी सुरुवातीला 'निष्काळजीपणे घोडा हाकणे' असं करत असे. त्यावर एका जुन्या जॉकीने मला थांबवलं होतं.

"साहेब, हाकतात बैल. आम्ही घोड्यावर बसतो."

मग मी 'निष्काळजी स्वारी' असं केलं. तो म्हणाला, "हे बरं. शिक्षा झाली तरी जरा ऐतिहासिक वाटतं."

हा जॉकी वसईच्या पश्चिमेचा, भातशेतीच्या गावातल्या ख्रिस्ती घरातला. चाळिशी ओलांडलेली, उंची माझ्या खांद्यापर्यंत, वजन वाढू नये म्हणून कायम अर्धपोटी, चेहरा उन्हाने रापलेला. मी विरारला राहतो हे कळल्यापासून तो मला गाववाला समजायचा. त्याचं नाव चौकशीच्या कागदांवर क्वचितच येई. म्हणून एका रविवारी तोच खोलीत आला, तेव्हा मलाच अवघडल्यासारखं झालं.

झालं होतं असं. शेवटच्या वळणानंतर तो पुढे होता आणि त्याचा घोडा हळूहळू उजवीकडे, आतल्या कठड्याकडे सरकला. मागून आतल्या बाजूने एक तरुण जॉकी येत होता. त्याची वाट बंद झाली. त्याला लगाम इतक्या जोरात खेचावा लागला, की त्याचा घोडा मान वर करून जवळजवळ उभाच राहिला. कुणी पडलं नाही, पण स्टँडमधल्या लोकांनी श्वास रोखला होता.

"घोडा आत ओढत होता, साहेब," आमचा वसईकर म्हणाला.

हे उत्तर मला पाठ होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही जॉकी आपण होऊन आत आला नव्हता, येत होता तो घोडाच. घोड्यांची साक्ष काढायची पद्धत नव्हती, म्हणून निभावून जात होतं.

मुख्य स्टुअर्ड सैन्यातून निवृत्त झालेले. आवाज कधी चढवत नसत. त्यांनी विचारलं, "चाबूक कुठल्या हातात होता?"

त्याने आपल्या दोन्ही हातांकडे आलटून पालटून पाहिलं, जणू त्यांनाच विचारावं. मग म्हणाला, "आठवत नाही."

फिल्म पुन्हा लावली. समोरून घेतलेल्या चित्रात सगळं स्वच्छ दिसत होतं. चाबूक डाव्या हातात. घोडा उजवीकडे सरकतोय आणि हा डावीकडून मारतोच आहे.

"तुम्ही डावीकडून मारताय, तर त्याने जायचं कुठे?" साहेब म्हणाले. "मारणं थांबवून त्याला आधी सरळ करायला हवं होतं."

मी भाषांतर केलं, पण ते त्याला आधीच कळलं होतं. तरुण जॉकीला साक्षीला बोलावलं. तो बाहेरच्या राज्यातला, मुंबईत नवा. "घोडा आवरावा लागला साहेब," एवढंच बोलून तो जमिनीकडे बघत राहिला. निकाल लागला: शर्यतीचे तीन दिवस बंदी.

पुढचं सगळं माझ्या चुकीमुळे घडलं. निकालाच्या दोन प्रती असत. मी एकीवरच सही घेतली होती. हे लक्षात आलं तेव्हा आठवडा उलटून त्याची बंदी सुरूही झाली होती आणि तो गावी गेला होता. म्हणून सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी नवीनच घेतलेल्या स्कूटरवरून कागद घेऊन त्याच्या घरी गेलो.

तो घरामागच्या केळीच्या वाडीत होता. ओट्यावर त्याची आई बसली होती, लुगडं नेसलेली, पुढ्यात तांदूळ पाखडायचं सूप. कामावरचा माणूस आलाय म्हटल्यावर तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा पाखडता पाखडता लेकाचं कौतुक सुरू केलं.

"काल किती वर्षांनी माझ्यासोबत चर्चमध्ये मिसाला आला," ती म्हणाली. "रविवारचा कधी घरी नसतो. सगल्या गावाने बघितला त्याला. मैदानाचा काम चालू हाय म्हनून सुट्टी दिली म्हनतो."

मी पाणी पीत होतो. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "नाही, मैदान ठीक आहे. बंदीमुळे ते घरी आहेत."

सूप थांबलं.

"कसली बंदी?"

तेवढ्यात तो केळफूल हातात घेऊन मागच्या दाराने आला. माझा चेहरा, आईचा चेहरा आणि माझ्या मांडीवरचा कागद बघून त्याला सगळं समजलं. तो केळफूल घेऊन तसाच परत फिरायला लागला.

"बस इथे," आई म्हणाली.

मग जी चौकशी झाली, तशी मी रेसकोर्सवर पाहिली नव्हती. फिल्म नव्हती, म्हणून तिने चहाच्या कपबशा मागवल्या. हा कप तू, हा कप मागचा, आता दाखव. तो दाखवेना, तेव्हा मला दाखवायला लावलं. मी एक कप तिरका सरकवला. दुसरा कप ओट्याच्या कडेला गेला आणि तिने तो पटकन धरला.

"मागचा पडला काय?"

"नाही," तो म्हणाला.

"लागला काय त्याला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. चौकशीच्या खोलीत घोडा किती पावलं सरकला, कुणाची किती जागा गेली, हे सगळं मी टाइप केलं होतं. त्या मुलाला लागलं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. मलाही ते सुचलं नव्हतं.

"त्याची आई कुठे हाय?" तिने विचारलं.

"तिकडे, त्याच्या गावाला. इथे तो आणि बायको, नालासोपाऱ्याला खोली घेऊन राहतात."

"मग जा. आताच जा. आनि तू मिसाला आला तो शिक्षेमुले, मनाने नाय, हे मी फादरला कसा सांगू?"

"फादरला सांगायची काय गरज आहे?" तो म्हणाला.

"विचार करते," ती म्हणाली आणि सुकेळ्यांचा एक पुडा बांधून त्याच्या हातात ठेवला. सुकेळी म्हणजे सुकवलेली पिकली केळी, त्यांच्या घरचीच. कागदावर सही करून, पुडा घेऊन तो माझ्या स्कूटरवर मागे बसला.

ती वाट मी विसरणार नाही. निर्मळ गावाच्या पुढे मी एका रिक्षाला चुकवायला आत घुसलो, तर मागून आवाज आला, "जागा होती का तिथे?" एका वळणावर मी ब्रेक जरा उशिरा लावला. "साहेब, हे तर खोलीत न्यायचं प्रकरण आहे." नालासोपाऱ्यापर्यंत त्याने माझ्यावर, त्याच्या हिशेबाने, पाच दिवसांची बंदी घातली होती. हसत होता, पण पुडा छातीशी घट्ट धरला होता. जसजसं जवळ आलो, तसतसा तो बोलायचा थांबला.

तरुण जॉकीने दार उघडलं. त्याच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. आम्हा दोघांना पाहून तो घाबरला. कागद घेऊन आलेल्या कारकुनाला पाहून कोणताही जॉकी घाबरतोच.

आत बसलो. त्याच्या बायकोने चहा टाकला. आमच्या माणसाने पुडा उघडून पुढ्यात ठेवला आणि पट्टीकडे पाहिलं. मग हिंदीत म्हणाला, "चाबूक डाव्या हातात होता. मला माहीत होतं. जिंकायचं होतं म्हणून मारत राहिलो. आठवत नाही म्हणालो ते खोटं."

मुलगा गोंधळला. मोठ्या जॉकीने आपल्या घरी येऊन असं बोलावं, हे त्याला झेपत नव्हतं. मग तोही म्हणाला, "दादा, खरं तर जागा नव्हतीच. थोडीशी फट दिसली आणि मी घुसलो. तुम्ही आत आला नसतात तरी मी अडकलो असतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुकेळं तोंडात टाकलं, म्हणजे बोलावं लागू नये.

पण गप्प राहणं मला जमलं नाही. बुधवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "तुम्ही त्यांच्या घरी का गेला होतात?"

सहीची गोष्ट सांगावी लागली.

"म्हणजे निष्काळजीपणा," ते म्हणाले. मी मान खाली घातली. दोष ढकलायला माझ्याकडे घोडाही नव्हता.

मग ते म्हणाले, "तो मुलगा नको तिथे घुसला, हे मला फिल्ममध्ये दिसलं होतं. नवा आहे म्हणून कागदावर घेतलं नाही. पण पुढच्याची चूक त्याने कमी होत नाही. निकाल तोच राहील. आणि हाताचं मला त्या दिवशीच विचारायला हवं होतं." त्यांनी फोन करून त्या मुलाला डॉक्टरकडे पाठवायला सांगितलं. मनगटाला बारीक तडा निघाला. तो पाच आठवडे बसून राहिला, म्हणजे आमच्या माणसापेक्षा जास्त.

मनगट बरं झाल्यावर सकाळच्या सरावाला दोघं शेजारी शेजारी घोडे पळवताना दिसू लागले. फट केव्हा खरी आणि केव्हा नुसती दिसते, हे मोठा धाकट्याला सांगत असे.

दोनेक वर्षांनी तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी त्याची आई पहिल्यांदाच रेसकोर्सवर आली. इतकी वर्षं भीतीने आली नव्हती. शर्यतभर तिने डोळे मिटून माळ ओढली. तो पाचवा आला, हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पाच हा काय वाईट आकडा नाय." नंतर तो तिला घोड्याजवळ घेऊन गेला. ती आधी लांब उभी राहिली, मग हळूहळू पुढे आली. घोड्याच्या दिसणाऱ्या बरगड्यांवरून नजर फिरवत लेकाला म्हणाली, "ह्यालाही तुझ्यासारखा उपाशी ठेवतात काय रे?"

घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराने तिच्या हातात एक गाजर दिलं. तिने ते घोड्यापुढे धरलं आणि तो खाऊन संपेपर्यंत तिथून हलली नाही.