कुलंटची बाटली आणि माझा पायगुण

"आपण पायगुण-बियगुण मानत नाही गं शोभा. पण लग्नाआधी गाडी कधी तापली नव्हती, एवढंच मी म्हणते."

हे माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई, म्हणजे आई, किचनमध्ये कुकर लावता लावता सोलापूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी लागूनच असलेल्या ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. कुकरची शिट्टी झाली नसती तर पुढचंही ऐकलं असतं.

लग्नाला जेमतेम दोन महिने झालेत. जुईनगरच्या या घरात मी कमी बोलते, त्यामुळे सगळे माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. आमच्याकडे गाडीचा तापमानाचा काटा वर चढला की एक संशय जन्माला येतो, आणि संशय आला की त्याचा किस्सा व्हायला दोन दिवस पुरतात.

गाडी पांढरी, जुनी, आणि घरातली सगळ्यात लाडकी. ती तापते हे खरं आहे. काटा लाल रेषेला टेकायला जातो, आप्पा, म्हणजे सासरे, "थांबव, थांबव!" करून गाडी कडेला घ्यायला लावतात. आणि प्रत्येक वेळी मागच्या सीटवर मी असते, हेही खरं आहे.

त्यात माझं चिपळूण अडकलंय. सून पहिल्यांदा माहेरी जाणार ती गाडीनेच, असं आप्पांनी लग्नातच माझ्या बाबांना सांगून टाकलंय. "आम्ही तिला एसटी स्टँडवर उभी करणार नाही!" म्हणजे गाडी बरी होईपर्यंत माझं माहेर बंद. आणि बरी झालीच नाही, तर ती का झाली नाही याचं उत्तर फोनवरून सोलापूरला पोहोचलेलं आहेच.

*

आप्पा आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये होते. समोरच्याने खरं सांगितलं की त्यांना जास्त संशय येतो.

माझा नवरा सुमेध म्हणाला, "आप्पा, गॅरेजमध्ये दाखवू या."

"तो रेडिएटर बदला म्हणेल."

"बघितल्याशिवाय कसं म्हणेल?"

"बघायचं कशाला? त्याच्याकडे एखादा पडून असेल!"

म्हणून गॅरेज रद्द, आणि सुमेध कळंबोलीहून एक बाटली घेऊन आला. ट्रकवाल्यांच्या दुकानातली. ही कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात ओतायची, की इंजिन थंड. बाटलीवर चित्र होतं: बर्फाच्या लादीवर एक गाडी, आणि शेजारी गळ्यात मफलर घातलेला पेंग्विन.

आप्पांनी चष्मा चढवून पेंग्विनकडे बराच वेळ बघितलं. "याने मफलर घातलाय. म्हणजे हा आपल्या गाडीत बसलेला नाही!"

आईंनी बाटली नाकाशी नेली. "अहो, हा तर भांड्यांच्या लिक्विडचा वास!"

लगेच वाटीभर पाणी आलं. दोन थेंब टाकले, चमच्याने ढवळलं. फेस!

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. फसवणूक सिद्ध झाली होती. मला वाटलं, आता बाटली परत जाणार. पण आई म्हणाल्या, "आणलीच आहे तर ओता. निदान इंजिन आतून घासून तरी निघेल!"

*

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की दुसऱ्या मजल्यावरचे पाटीलकाका येतातच. ते मूळचे करावे गावचे. घरची होडी अजून आहे, त्यामुळे इंजिन म्हटलं की त्यांचा शब्द शेवटचा.

"आप्पा, ही बाटली म्हंजे सगली फसवनूक हाय. आमच्या होडीच्या इंजिनाला कोन बाटली पाजतं? खाडीचं पानी आत, खाडीचं पानी बाहेर. खलास!"

आप्पांना मनापासून पटलं. पण ऑडिटची सवय जाते कुठे?

"मग तुमचं इंजिन कधीच तापलं नाही?"

"तापलं ना! दोनदा बसलं!" काका अभिमानाने म्हणाले. "पन त्यात फसवनूक नव्हती!"

*

बाटली ओतल्यावर आप्पांनी कुलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारली. गाडी नुकतीच तुर्भ्याहून आली होती, इंजिन गरम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर पातळी रेघेच्या खाली!

तापलेलं पाणी फुगतं आणि निवलं की खाली बसतं, एवढं रोज चहा करणारीला कळतं. पण मला कोणी विचारलं नाही.

"कोणीतरी कुलंट काढतंय," आप्पा म्हणाले.

"कुलंट कोण चोरणार, आप्पा?"

"बाटली घातल्यावरच पातळी कशी उतरली? कुणाला तरी कळलंय!"

त्या संध्याकाळी आप्पांनी बॉनेटच्या फटीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. अर्धी बॉनेटवर, अर्धी खाली, आणि मधोमध तारखेसकट सही. ऑफिसात कपाटं अशीच सील करायचे म्हणे.

सकाळी पट्टी जशीच्या तशी. पातळीही जशीच्या तशी. आप्पा समाधानाने वर आले. मागोमाग वॉचमन दारात.

"साहेब, वाईट वाटलं. गाडी कोर्टाने जप्त केली का?"

तोपर्यंत सोसायटीतल्या चार घरांत चौकशी होऊन गेली होती. आई दोन दिवस भाजी आणायला मलाच पाठवत होत्या.

*

आता जरा माझं.

या घरात गाडीचा एसी कधी लावतच नसत. आप्पांच्या मते एसी म्हणजे पेट्रोल पिणारं जनावर. "खाडीचा वारा आहे ना, काचा खाली करा!" सुमेधने सांगितलं, गाडी घेतल्यापासून एसीचं बटण फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरतं होतं.

मग मी आले. पहिल्याच दिवशी आई म्हणाल्या, "नवी सून आहे, केस विस्कटतील तिचे. एसी लाव." आप्पांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. तेव्हापासून मी गाडीत बसले की एसी चालू. मी नसले की काचा खाली.

किती प्रेमाने! म्हणून तर बोलता येईना.

बाजूच्या फ्लॅटच्या एसीचा बाहेरचा डबा आमच्या ड्राय बाल्कनीकडे गरम हवा फेकतो. माझे कपडे त्यावरच वाळतात. आत गारवा हवा असेल तर उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. गाडीचा एसी ती कुठे टाकत असेल, असा विचार करत मी एकदा बॉनेटमध्ये डोकावले. पुढेच एसीची जाळी, तिला चिकटून मागे इंजिनचं पाणी गार करणारा रेडिएटर. आणि मधल्या फटीत कळंबोलीची धूळ, वाळकी पानं, मेलेले किडे यांचा गच्च थर! हवा जाणार कुठून? त्या पेंग्विनच्या बाटलीने पाण्याला थोडीफार मदत होतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण वाराच आत शिरत नसेल तर बाटली बिचारी काय करणार?

*

खात्री करायला मी एक प्रयोग केला. सुमेधने त्या सकाळी दुसरी बाटली ओतली होती. आम्ही सगळे बेलापूरला निघालो. एसी चालू. उरण फाट्याच्या सिग्नलला काटा चढायला लागला. मी मागून, दोन सीटच्या फटीतून, त्याच्यावर नजर ठेवून होते.

"आई, मला जरा गार लागतंय," मी म्हटलं.

"अगं बाई! बंद कर रे एसी."

काचा खाली झाल्या. दोन सिग्नल जातायत तोच काटा मुकाट्याने मधोमध येऊन बसला.

"बघितलंस?" आप्पा ओरडले. "दुसऱ्या बाटलीने काम केलं!"

सुमेधने काट्याचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पाच जणांनी दुकानाचा पत्ता मागितला.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी त्याला हळूच म्हटलं, "मला वाटतं, एसीमुळे तापते. आणि ती जाळी साफ करून बघ ना एकदा."

तो माझ्याकडे बघून गोड हसला.

"स्नेहल, वेडी आहेस का? एसी तर थंड करतो!"

*

पुढच्या रविवारी मी गाडीत, एसी चालू, वाशीच्या पुलाआधी काटा लाल! दोन बाटल्या पोटात असूनही. गाडी कडेला उभी होती. आप्पा बॉनेटकडे बघत होते, सुमेध मोबाईलमध्ये तिसरी बाटली शोधत होता. आईंनी मात्र शेजारच्या सीटवरून माझ्याकडे बघितलं. पटकन नजर काढलीही. पण बघितलं.

"चिपळूणचं पावसाळ्यानंतर बघू," आप्पा घरी आल्यावर म्हणाले. मी पोळ्या लाटत होते. त्या दिवशी एकही गोल झाली नाही.

*

मग सोलापूरहून शोभामावशी आल्या. फोनवरच्या त्याच! भर उन्हाळा, आणि मावशींना वाशीला साड्या बघायच्या होत्या. सुमेधने तिसरी बाटली ओतली. सगळे तयार झाले. मीही चप्पल घातली.

आई दाराशी थांबल्या. माझ्या पदराची घडी उगाचच नीट केली.

"तू दमली असशील गं. घरीच थांब."

"नाही आई, मी..."

"थांब ना. आराम कर." आणि मागे मावशी, हळू आवाजात, पण आमच्या लॉबीत सगळंच ऐकू येतं, "एकदा बघू तरी दे, काय होतं ते."

मी चप्पल काढली. बाल्कनीतून खाली बघितलं. मावशी मागच्या सीटवर माझ्या जागी बसल्या. "शोभाला सोलापूरचं ऊन कमी पडलं म्हणून इकडे आली काय! लाव रे एसी!" आईंचा आवाज वरपर्यंत आला. काचा वर गेल्या. गाडी गेटबाहेर पडली.

तासाभरात दारावरची बेल वाजली. खाली रिक्षा उभी होती. मावशी घामाने चिंब, आईंच्या कपाळावर केस चिकटलेले, आप्पांच्या शर्टावर हिरवट कुलंटचे डाग. हातात एकही साडी नाही. गाडी वाशीच्या सिग्नलला टोइंगवाल्याची वाट बघत होती, आणि सुमेध तिच्याजवळ.

कोणी कोणाकडे बघेना. मी पंखा लावला. ट्रेमध्ये पाणी आणलं. आप्पांनी ग्लास उचलला, मावशींनी उचलला, आईंनी सगळ्यात शेवटी.

आणि मी, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले,

"आप्पा, पुढच्या वेळी मावशींना घरी ठेवून बघू या का?"